यंत्र दिले, पण मास्क बसला का?

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेस जोडून भरलेल्या देणगीदार व रुग्ण-कुटुंबीय मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)





दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही आपणासमोर आकडे मांडतो. बाह्यरुग्ण किती, आंतररुग्ण किती, शस्त्रक्रिया किती, निर्धन रुग्णांना दिलेली सवलत किती, हा सर्व हिशेब छापील अहवालाच्या पुढील पानांवर आहेच. तो येथे पुन्हा वाचून आपला वेळ घेण्याचा आमचा मानस नाही. आज एका लहानशा वस्तूविषयी बोलावे असे आम्ही ठरविले आहे. ती वस्तू सिलिकॉनची आहे, ओंजळीत मावेल एवढी आहे आणि आमच्या साठा नोंदवहीत ती कित्येक वर्षे 'यंत्रासोबतचे साहित्य' या एका ओळीत दडून राहिली होती. झोपेत श्वास अडणाऱ्या रुग्णांनी रात्री नाकावर लावावयाचा मास्क, हीच ती वस्तू.

२०२० सालापासून मास्क हा शब्द घराघरांत पोहोचला. परंतु तो मास्क वेगळा आणि हा वेगळा. तो कापडाचा, बाहेरचे जंतू अडविण्यासाठी. हा यंत्राच्या नळीला जोडलेला, आतली हवा टिकवून धरण्यासाठी. तो थोडा सैल असला तरी माणूस दिवसभर वागवितो; हा थोडा चुकीचा बसला तर माणूस मध्यरात्री उठून काढून टाकतो आणि पुन्हा कधी लावीत नाही. या 'पुन्हा कधी लावीत नाही' याच वाक्याशी आजच्या आमच्या बोलण्याचा संबंध आहे.

आम्ही प्रशासनाची माणसे, वाणिज्य शाखेतून आलेली. वैद्यकशास्त्र हा आमचा अधिकाराचा विषय नव्हे. म्हणून वैद्यकीय बाबींपैकी जे काही येथे सांगू ते आमच्या छातीविकार विभागातील डॉक्टरांकडून समजून घेऊनच सांगत आहोत. चूक मात्र जी सांगणार आहोत ती सर्वस्वी आमची आहे.

प्रथम आजाराविषयी थोडेसे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत ते इतके सैल पडतात की श्वासाची वाट मिटते. छाती-पोट हालत असते, पण हवा आत जात नाही. अशी १० सेकंद वा त्याहून अधिक काळ श्वास थांबण्याची घटना रात्रीतून पुन्हापुन्हा घडते. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, मोठ्याने घोरत श्वास सुरू होतो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. तासाला अशा १५ ते ३० घटना घडल्या तर आजार मध्यम आणि ३० च्या पुढे गेल्या तर तीव्र समजतात. यालाच स्लीप ॲप्निया म्हणतात. त्याचा संबंध रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके आणि पक्षाघात यांच्याशी आहे. दिवसा येणारी अनावर पेंग तर आपण डोळ्यांनी पाहू शकतो.

आपल्याकडे घोरणे हा थट्टेचा विषय. घोरणाऱ्याला गाढ झोप लागली आहे असेच आपण समजत आलो. दिल्लीच्या 'एम्स'मधील तज्ज्ञांनी २०२३ साली भारतातील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात देशातील सुमारे १० कोटी ४० लाख कार्यक्षम वयाच्या व्यक्तींना हा आजार असावा, असा अंदाज मांडलेला आहे. या सभागृहातही तो असणार, हे वेगळे सांगावयास नको.

या आजारावरील प्रमुख उपचार म्हणजे सीपॅप यंत्र. उशाशी ठेवलेले हे लहान यंत्र खोलीतलीच हवा ठरावीक दाबाने नळीवाटे नाकात सोडते आणि त्या दाबामुळे घशाची वाट उघडी राहते. यात औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. मात्र हा उपचार रोज रात्री, झोपेचा सारा वेळ घ्यावयाचा असतो. यंत्र आणि माणूस यांना जोडणारी एकच वस्तू म्हणजे तो मास्क.

या उपचाराच्या जन्मकथेतही मास्कच केंद्रस्थानी आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० साली हा प्रयोग प्रथम केला आणि १९८१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुरुवातीच्या काळात हवेचा झोत निर्माण करण्यासाठी व्हॅक्यूम क्लीनरची मोटार वापरली जात असे. ती मोठा आवाज करी. पण आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. त्या काळी रुग्णाच्या नाकाचा प्लास्टरचा साचा घेत, त्या साच्यावरून केवळ त्याच्यासाठी मास्क घडवीत आणि तो रोज रात्री सिलिकॉनच्या चिकट लेपाने चेहऱ्यावर चिकटवीत. कष्ट फार, सोय कमी. परंतु प्रत्येक मास्क एकाच माणसाचा होता. पुढे कारखान्यांत लहान, मध्यम, मोठी अशी मापे तयार झाली, पट्टे आले, रोजचे चिकटविणे गेले. सोय वाढली. त्याबरोबर एक सूक्ष्म समजूतही पसरली की मास्क हा यंत्रासोबत डब्यात येणारा एक सुटा भाग आहे.

तीच समजूत आमचीही होती.

काही वर्षांपूर्वी आपणांपैकीच काही उदार देणगीदारांच्या साहाय्याने गरजू रुग्णांना सीपॅप यंत्रे घरी वापरण्यास देण्याची योजना आपण सुरू केली. यंत्रांची दरपत्रके मागविली, तुलनात्मक तक्ता केला, वाटाघाटी केल्या. मास्कच्या बाबतीत पुरवठादाराने सांगितले की एकाच प्रकारचे, एकाच मापाचे मास्क एकगठ्ठा घेतल्यास दर बराच उतरेल. नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठ्या मापाचा मास्क सर्वांनाच चालेल, असा सोयीस्कर तर्क आम्ही केला. जो नाकाने श्वास घेतो त्यालाही चालेल, जो तोंड उघडे ठेवून झोपतो त्यालाही चालेल. बचत झाली. ती बचत आम्ही त्या वर्षीच्या अहवालात काटकसरीचे उदाहरण म्हणून अभिमानाने नमूदही केली. आपण टाळ्या वाजविल्या होत्या, हे आम्हांस आठवते.

त्यानंतर एके दिवशी दूध संघाच्या टँकरवर चालक असलेले एक गृहस्थ पत्नीसह कार्यालयात आले. त्यांच्या हातात जुन्या लुगड्यात नीट बांधलेले आपले यंत्र होते. यंत्रावरील देणगीदारांच्या नावाची पट्टी पुसून चकचकीत केलेली होती. ते म्हणाले, "साहेब, चांगली वस्तू आहे. घरी नुसती पडून राहण्यापेक्षा दुसऱ्या कोणाच्या तरी कामी येऊ दे." आम्ही यंत्राच्या स्मृतीतील नोंद पाहिली. पहिल्या रात्री दोन तास, दुसऱ्या रात्री तासभर, नंतर काही मिनिटे आणि मग कोऱ्या रात्रींची रांग.

हे गृहस्थ पहाटे तीन वाजता गाडी काढतात. घाटरस्त्याने गावोगावचे दूध गोळा करून आणतात. आमच्याकडे ते प्रथम आले ते घाटात डोळा लागून गाडी कठड्याला घासली म्हणून. तपासणीत आजार तीव्र निघाला होता. म्हणजे ज्या माणसाला यंत्राची सर्वांत अधिक गरज, त्याच माणसाने ते परत आणले होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजता तो पुन्हा गाडी काढणार होता.

आम्ही त्यांना समजावू लागलो. नेटाने वापरा, सवय होईल, आजार गंभीर आहे, वगैरे. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "साहेब, नेट काय कमी केला त्यांनी? वारं सगळं डोळ्यांत जातं. सकाळी डोळे लालभडक. पट्टा आवळला तर नाकावर घट्टा पडला, हा बघा. आधी नुसतं घोरायचे, आता रात्रभर ते मास्क शिट्टी मारतंय आणि हे उठून बसतात. त्यापेक्षा घोरणं बरं होतं." त्यांनी पतीच्या नाकाच्या दांड्यावरील वण दाखविला. तो वण आमच्या काटकसरीचा होता.

आम्ही छातीविकार विभागातील तंत्रज्ञ ताईंना बोलाविले. त्यांनी मापाची पट्टी चेहऱ्याला लावली आणि शांतपणे सांगितले, "साहेब, हा मास्क यांच्या मापाचा नाहीच. आणि हे नाकाने व्यवस्थित श्वास घेतात, यांना तोंडावरच्या मास्कची मुळात गरज नाही." त्यांनी पूर्वीही दोनदा लेखी मागणी केली होती, वेगवेगळ्या मापांचे मास्क हवेत म्हणून. ती मागणी 'पुढील अंदाजपत्रकात विचार करावा' अशा शेऱ्यासह आमच्याच कपाटात पडून होती. शेरा आमच्याच हस्ताक्षरात होता.

त्या दुपारी त्यांनी प्रथम केवळ नाक झाकणारा मध्यम मास्क लावून पाहिला. नाकाच्या दांड्यावर तो उत्तम बसला, पण वरच्या ओठावर हवा सुटू लागली. कारण या गृहस्थांना चांगली झुपकेदार मिशी आहे आणि सिलिकॉनची कड केसांवर टेकत नाही. मिशी काढण्याचा विषय ताईंनी निघूच दिला नाही. त्यांनी तिसरा प्रकार बाहेर काढला. यात नाक झाकले जात नाही. दोन मऊ बोंडे नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकतात. त्यास नेझल पिलो म्हणतात. तो त्यांनी स्वतः पैसे भरून नमुन्यादाखल आणून ठेवला होता, हे आम्हांस त्याच दिवशी कळले. गृहस्थांना खाटेवर आडवे केले, यंत्र त्यांच्या ठरलेल्या दाबावर सुरू केले, कुशीवर वळवून पाहिले. शिट्टी नाही, डोळ्यांत वारा नाही. पाचव्या-सहाव्या मिनिटाला ते तेथेच झोपी गेले. त्यांच्या पत्नी खाटेशेजारी बसून राहिल्या. किती तरी वेळ त्या नुसत्या त्यांच्या छातीकडे पाहत होत्या.

महोदय, हत्ती गेला आणि शेपूट राहिले, असे आपण म्हणतो. येथे हत्ती सुखरूप रुग्णाच्या घरी पोहोचला होता. शेपटापायी तो परत आला.

त्यानंतर आम्ही दिलेल्या प्रत्येक यंत्राची विचारपूस केली. कोणाचे यंत्र माळ्यावर होते, कोणाचे खाटेखाली. कोणाकडे ते व्यवस्थित वापरातही होते, कारण सुदैवाने मोठे माप त्यांच्याच चेहऱ्याचे होते. आमच्या दफ्तरी मात्र सर्व यंत्रे 'वितरित' या एकाच रकान्यात होती. वाटप शंभर टक्के आणि त्यापैकी झोप किती, याचा रकानाच नव्हता. ताळेबंद जुळला होता, पण त्यातून खरी परिस्थिती कळत नव्हती.

या विचारपुशीतून जे शिकावयास मिळाले ते रुग्ण व कुटुंबीयांच्या उपयोगासाठी थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, मास्क बसून पाहू नये, आडवे होऊन पाहावा. बसलेल्या माणसाचा चेहरा आणि झोपलेल्या माणसाचा चेहरा एक नसतो. गाल ओघळतात, जबडा सैल होतो. म्हणून आपण ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर, आपल्या नेहमीच्या उशीवर, यंत्र सुरू ठेवून निदान दहा-पंधरा मिनिटे तो लावून पाहावा. एका आजींचा मास्क आमच्याकडे उत्तम बसे आणि घरी रोज गळे. उलगडा असा झाला की आमच्याकडे त्या कवळी लावून येत आणि झोपताना ती पाण्यात काढून ठेवीत. पुढच्या वेळी कवळी काढून माप घेतले आणि प्रश्न मिटला.

दुसरी गोष्ट, गळती होते म्हणून पट्टा आवळू नये. हा मोह सर्वांना होतो. सिलिकॉनची गादी हवेच्या दाबाने फुगून चेहऱ्याला टेकावी, अशी तिची रचना असते. पट्टा आवळला की गादी चेपते, सुरकुतते आणि उलट अधिक गळते. मास्क किंचित उचलून गादी फुगू द्यावी, पुन्हा टेकवावा आणि मग पट्टा इतपतच ओढावा की त्याखाली बोट सहज सरकेल. सकाळी उठल्यावर चेहऱ्यावरील खुणा थोड्या वेळात नाहीशा झाल्या तर काळजी नाही. त्या दिवसभर राहिल्या, त्वचा सोलवटली, तर माप वा प्रकार चुकला आहे असे समजून आमच्याकडे यावे. सहन करीत बसू नये.

तिसरी गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे. प्रत्येक मास्कवर वा त्याच्या जोडावर बारीक छिद्रे असतात. त्यांतून हवा बाहेर पडते ती गळती नव्हे. आपण सोडलेला उच्छ्वास तेथूनच बाहेर जातो. एका घरी वडिलांच्या मास्कमधून हवा वाया जाते म्हणून कर्तव्यदक्ष मुलाने ती छिद्रे चिकटपट्टीने बंद केली होती. घरभेटीत ते वेळीच लक्षात आले. मुलाची चूक नव्हती. ती छिद्रे कशासाठी आहेत हे आम्ही त्याला सांगितलेच नव्हते. ती कधीही बंद करू नयेत.

चौथी गोष्ट, प्रकाराची निवड. नाकाने नीट श्वास घेता येत असेल तर डॉक्टर बहुधा नाकाच्या मास्कपासून सुरुवात करतात. तो लहान असतो, चेहऱ्याला कमी ठिकाणी टेकतो आणि पुष्कळांना अधिक सोसतो. नाक सतत चोंदलेले असेल तर आधी नाकावर उपचार करून घ्यावेत. तोंड उघडेच राहत असेल तर हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड झाकणारा मास्क लागतो. हा मोठा मास्क स्वतःच्या हाताने काढता येत नसेल, अशा रुग्णाला तो डॉक्टरांच्या देखरेखीविना लावू नये. उलटी झाल्यास धोका संभवतो. काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाच्या कड्या असतात. ज्यांना पेसमेकर बसविला आहे, किंवा मेंदूतील रक्तवाहिनीवर धातूची क्लिप आहे, त्यांनी असे मास्क टाळावेत. त्याविषयीचे इशारे २०२२ साली प्रसिद्ध झालेले आहेत. आपल्या घरात कोणी शेजारी झोपणारे असे असेल तर तेही सांगावे.

पाचवी गोष्ट, निगा. सिलिकॉनला तेल सोसत नाही. आपल्याकडे रात्री डोक्याला खोबरेल लावून झोपण्याची पद्धत आहे. ते तेल पट्ट्यांत मुरते, गादीवर येते आणि मास्क घसरू लागतो. तेल सकाळी लावावे. झोपण्यापूर्वी चेहरा साबणाने धुवावा. गादी रोज सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. जंतुनाशक औषधे वा स्पिरिट वापरू नये. स्त्रियांनी अंबाडा घालून झोपल्यास मागचा पट्टा वर सरकतो. सैल वेणी एका बाजूस घ्यावी. नाकातली चमकी रात्री काढून ठेवणे बरे. या गोष्टी कोणत्याही माहितीपुस्तिकेत आम्हांस आढळल्या नाहीत. त्या आपल्यासारख्या कुटुंबांनीच आम्हांस शिकविल्या.

आणि शेवटची, मनाची तयारी. काहींना मास्क लावताच गुदमरल्यासारखे होते. यात लाजण्यासारखे काही नाही. दिवसा, जागेपणी, दूरदर्शन पाहताना किंवा वर्तमानपत्र वाचताना अर्धा तास मास्क लावून बसावे. प्रथम यंत्राविना, मग यंत्रासह. हळूहळू मन त्याला सरावते. यंत्राचा दाब मात्र स्वतः बदलू नये; तो डॉक्टरांनीच ठरवावयाचा असतो.

या अनुभवानंतर आम्ही काय बदलले, ते सांगणे आमचे कर्तव्य आहे. छातीविकार विभागात आता तिन्ही प्रकारांच्या, निरनिराळ्या मापांच्या मास्कची एक पेटी ठेवली आहे. प्रत्येक रुग्णाला आडवे करून, यंत्र सुरू करून मास्क निवडला जातो. चाचणीचे मास्क उत्पादकांच्या सूचनांनुसार निर्जंतुक केले जातात आणि रुग्णाला घरी नेण्यासाठी नवाच दिला जातो. पहिल्या महिन्यात मास्क सोसला नाही तर तो विनाशुल्क बदलून मिळतो. पहिल्या आठवड्यात दूरध्वनी करून विचारपूस होते. आणि नोंदवहीत आता एक नवा रकाना आहे: वापराचे तास. रात्री किमान ४ तास आणि दर १०० पैकी निदान ७० रात्री, हा निकष अनेक ठिकाणी मानला जातो. आम्ही त्याकडे उत्तीर्ण होण्यापुरते गुण म्हणून पाहतो. ध्येय सारी रात्र हेच आहे. तंत्रज्ञ ताईंनी पदरचे घातलेले पैसे त्यांना परत करण्यात आले. त्यांची ती जुनी मागणीपत्रे आम्ही दप्तरात जपून ठेवली आहेत. आमचा शेरा आम्हांस दिसत राहावा म्हणून.

सर्वच रुग्णांना यश आले, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सर्व प्रकार लावून पाहूनही काहींना मास्क सोसला नाही. त्यांच्यासाठी डॉक्टर वजन घटविणे, कुशीवर झोपण्याची सवय, जबडा पुढे धरणारी दातांवरची पट्टी किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार करतात. परंतु ज्याला कोणताच मास्क सोसत नाही तो रुग्ण वेगळा आणि ज्याला चुकीचा मास्क सोसला नाही तो वेगळा. पूर्वी आम्ही दोघांनाही 'उपचारास सहकार्य नाही' या एकाच शेऱ्याखाली घालीत होतो. त्यांतील कित्येकांनी आपले सहकार्य केव्हाच दिले होते. उणीव आमच्या बाजूला होती.

आता देणगीदार बंधुभगिनींसाठी दोन शब्द. यंत्र हा भांडवली खर्च आहे. त्याची देणगी दिसते, त्यावर नाव कोरता येते, त्याचे हस्तांतरण समारंभपूर्वक करता येते. मास्क हा चालू खर्च आहे. गादी काही महिन्यांत मऊ पडते, पट्टे सैल होतात आणि पुन्हा नवे आणावे लागतात. यंत्र वर्षानुवर्षे चालते. त्या काळात मास्क अनेकदा बदलावा लागतो. ज्या कुटुंबाला यंत्र परवडत नाही, त्याला दर खेपेस काही हजार रुपयांचा मास्कही परवडत नाही. मग ते जुनीच गादी दोऱ्याने बांधून वापरतात आणि एके दिवशी यंत्र माळ्यावर जाते. मास्कवर कोणाचे नाव कोरता येत नाही. तो रुग्णाच्या उशाशी झिजतो आणि संपतो. याच कारणाने आजवर त्यासाठी देणगी मागण्यास आम्हांसही संकोच वाटत आला.

हा संकोच आज बाजूला ठेवीत आहोत. विश्वस्त मंडळाच्या मान्यतेने 'मास्क व सुटे भाग' हे स्वतंत्र देणगी-शीर्ष उघडण्यात आले आहे. त्याचा जमाखर्च अहवालात स्वतंत्रपणे दाखविला जाईल. यापुढे यंत्राची देणगी स्वीकारताना त्यासोबत मास्कच्या निवडीचा आणि पुढील बदलाचा खर्च कोठून येणार, हेही आम्ही नम्रपणे विचारू. आपण ते अनुदारपणाचे समजू नये. आपण दिलेले यंत्र माळ्यावर जाऊ नये, एवढाच त्यामागील हेतू आहे.

रुग्णांच्या कुटुंबीयांना एकच विनंती. मास्क त्रास देत असेल तर यंत्र परत आणण्याआधी रुग्णाला घेऊन या. रोज रात्री शेजारी तुम्ही असता, आम्ही नसतो. शिट्टी, गळती, वण, मध्यरात्री उठून बसणे हे प्रथम तुम्हांलाच दिसते. ते सांगण्यास भीड बाळगू नका. ते टँकरचालक आणि त्यांच्या पत्नी यंत्र परत करण्यासाठी आल्या नसत्या, निमूटपणे ते माळ्यावर ठेवले असते, तर आमचा ताळेबंद आजही तितकाच निर्दोष दिसला असता.

ते गृहस्थ आजही पहाटे तीन वाजता गाडी काढतात. मागील खेपेस बोंडे बदलून घेण्यासाठी आले तेव्हा आम्ही विचारले, आता झोप कशी लागते? ते म्हणाले, "झोपेचं मला काय ठाऊक साहेब, मी झोपलेला असतो. पण घाट मात्र आता सबंध दिसतो."

आपल्या देणगीचा याहून चोख हिशेब आम्हांस मांडता येणार नाही. आपला लोभ असाच राहावा, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.